मागचं पुढं आलं

पस्तीस वर्षांच्या नोकरीत हातून गेलेली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठली चोरी उदगीरची आणि कुठली धर्माबादकडची, हेही आता आठवून सांगावं लागतं. एक प्रकरण मात्र दिवसवार ध्यानात आहे, कारण त्यात मी चुकलो होतो. माझ्या चुकीमुळे एक माणूस आठ दिवस बायकोचा खुनी म्हणून कोठडीत बसला. नावं कुणाचीच लिहीत नाही. ठाण्याचंही नाही. लातूर जिल्ह्यातलं एक ठाणं, एवढं पुरे.

आधी माझ्याबद्दल एक गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी मूळचा साताऱ्याकडचा. खात्यात माझी ख्याती तपासापेक्षा कागदासाठी जास्त होती. माझा पंचनामा वाचून वकील हात टेकायचे. जबाबात गावठी शब्द आला की माझं डोकं फिरायचं. हवालदारांना मी शुद्ध लिहिण्यासाठी इतका सासुरवास केला, की एका ठाण्यात मला मागे 'मास्तर' म्हणत. मला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. माणूस कसाही बोलो, कागदावर त्याचं म्हणणं नीट, स्वच्छ, छापल्यासारखं यायला हवं, असं माझं मत होतं.

दसरा होऊन चार दिवस झाले होते. परतीचा पाऊस रोज दुपारी तासभर भुरभुरून जायचा. सोयाबीनची काढणी जोरात होती आणि पाऊस जरा थांबला की लोक ट्रॅक्टर घेऊन शेतात धावायचे. दुपारी तीनच्या सुमाराला ठाण्यात फोन आला, की चाकूरकडे जाणाऱ्या आतल्या रस्त्यावर एक छोटी कार नळकांडी पुलाजवळ ओढ्यात गेली आहे. आम्ही पोचलो तेव्हा लोकांनी कार दोर लावून निम्मी वर घेतली होती. आतली बाई गेलेली होती. वय तीस-बत्तीसचं. अंगणवाडीत काम करायची. तिचा नवरा काठावर बसला होता आणि त्याच्या दोन्ही तळहातांतून रक्त येत होतं. त्याचा अहमदपुरात फोटो स्टुडिओ होता. एका गावात साखरपुड्याचे फोटो काढायला दोघं निघाले होते. आठ वर्षांची मुलगी तेवढी बरोबर नव्हती, शाळेत होती.

घटनास्थळाचा पंचनामा मी स्वतः लिहिला. रस्ता ओला. वळण उजवीकडचं. वळणावर शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती डांबरावर आणून टाकलेली, तिचा चिखल झालेला. ब्रेकच्या खुणा नाहीत. कारचं तोंड अहमदपूरच्या दिशेला, म्हणजे ज्या दिशेने ती आली त्याच दिशेला. हे सगळं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. वाचून मात्र काहीच घेतलं नाही.

नवऱ्याला ग्रामीण रुग्णालयात नेलं. संध्याकाळी डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी त्याच्या खाटेशी गेलो. तो शुद्धीवर होता, पण छताकडे बघून बोलत होता. काय झालं, असं विचारलं तर पुन्हा पुन्हा एवढंच म्हणाला, "म्या पाय काढला साहेब… मागचं पुढं आलं… पाय काढला नुसता… मागचं पुढं आलं."

मी खुर्चीवर बसून त्याचा जबाब लिहिला. त्यातली दोन वाक्यं मला आजही तोंडपाठ आहेत. 'प्रवासात आमच्यातील मागील वाद पुन्हा पुढे आला. त्यानंतर मी तेथून पाय काढला.'

वाक्य कसं ठसठशीत झालं होतं. मी ते त्याला वाचून दाखवलं. त्याने मान हलवली. कशाला हलवली ते त्यालाही कळलं नसेल. बायको जाऊन चार तास झालेल्या माणसाला कागद वाचून दाखवून सही घेण्यात काय अर्थ असतो, हे मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी त्याला नियम दाखवला असता.

मी 'मागील वाद' असं का लिहिलं, याला कारण होतं. रुग्णालयाच्या दारातच तिचा भाऊ मला भेटला होता. धर्माबादला त्याचं मिरचीच्या आडतीत काम होतं. बातमी कळताच मिळेल त्या गाडीने आला होता आणि रडून रडून त्याचा आवाज बसला होता. तो म्हणाला, "साहेब, दोन वर्षांमागं माझी बहीण चार महिने आमच्याकडं येऊन राहिली होती. यानं लई छळलं होतं तिला. आम्हीच समजूत घालून पाठवली. आता बघा, मारली त्यानं." एवढं डोक्यात ठेवून मी खाटेपाशी गेलो होतो. त्यामुळे 'मागचं' म्हटल्यावर मला दुसरं काही सुचायचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी भावाने रीतसर फिर्याद दिली. शेजाऱ्यांचे जबाब झाले. त्या दिवशी सकाळी नवराबायकोत मोठ्याने बोलाचाली झाल्याचं दोघांनी सांगितलं. ट्रॅक्टरवाल्याने सांगितलं, की त्याने पाहिलं तेव्हा कार पाण्यात होती आणि हा माणूस दोनशे पावलांवर शेतातून पळत होता. ब्रेक मारलेला नाही. गाडीचं तोंड फिरवलेलं. सकाळी भांडण. आणि स्वतःच्या तोंडचं, की मागचा वाद निघाला आणि मी पाय काढला. आकस्मिक मृत्यूची नोंद होती, तिच्या जागी खुनाचा गुन्हा दाखल झाला. रुग्णालयातून सुटी मिळाली त्याच दिवशी मी त्याला अटक केली. कोर्टाने पोलीस कोठडी दिली.

चौकशीत मी मारहाण करत नसे. त्याची गरजही पडत नसे. माणसाला त्याच्याच जबाबावरून धरायचं आणि सोडायचं नाही, ही माझी पद्धत होती.

"कोणता मागचा वाद निघाला?"

"वाद न्हाई साहेब. मागचं."

"मागचं म्हणजे काय?"

"मागचं म्हणजे… मागचं. गाडीचं…"

"गाडीचं नंतर. सकाळी भांडण कशावरून झालं ते सांग."

 उत्तराची वाट न बघता मी दुसऱ्या बाजूने गेलो.

"ब्रेक मारला होतास?"

"न्हाई."

"का नाही मारला?"

"पाय काढला म्या."

"म्हणजे पळालास, हे तुला कबूल आहे!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला मी तेव्हा बनेलपणा म्हणालो होतो. मी मराठीच बोलत होतो आणि तोही मराठीच बोलत होता, तरी आपलं म्हणणं या माणसापर्यंत पोचत का नाही, हे त्याला उमगत नव्हतं. दोन दिवसांनी त्याने बोलणंच सोडलं. एकच मागणी केली. म्हणाला, "दहाव्याला तेवढं सोडा. हात जोडतो."

मी नकार दिला. दहाव्याला तिचं माहेर येणार, नवऱ्याला समोर बघून माणसं भडकणार, बंदोबस्ताला शिपाई अपुरे. कारणं सगळी खरी होती. तरी तो नकार अजून माझ्या मानेवर आहे.

चौथ्या दिवशी एक निनावी फोन आला होता. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीत नोंद केली, 'अज्ञात इसमाने कळवले की, सदर कारचे मागचे टायर बघा.' मला वाटलं, नट ढिले केले असतील किंवा खिळा ठोकला असेल. ठाण्याच्या आवारात ताडपत्रीखाली ठेवलेली कार मी उघडली. नट घट्ट होते. हवा होती. पंक्चर नव्हतं. मागचे दोन्ही टायर गुळगुळीत झालेले होते, पण त्या वेळी अर्ध्या जिल्ह्याचे टायर तसेच होते, आमच्या सरकारी जीपचेही. पुढचे दोन नवे कोरे होते, त्यांवर अजून हळदीकुंकवाचा डाग होता. कुणीतरी रिकामटेकडा फोन करतो आहे, असं समजून मी ताडपत्री पुन्हा ओढून घेतली.

दहाव्याच्या दिवशी दुपारी एक म्हातारा ठाण्यात आला. चिखलाने भरलेल्या चपला त्याने पायरीखाली काढून ठेवल्या आणि अनवाणी आत आला. अहमदपुरात बसस्टँडच्या अंगाला त्याचं टायरचं दुकान होतं. बापापासूनचा धंदा. गावात सगळे त्याला चाचा म्हणत. तो नदीवरून, दहावा बघूनच सरळ आला होता.

"साहेब, त्यो फोन म्या केल्ता," तो म्हणाला. "मागचे टायर बघा म्हणलं. तुम्ही बघितलेच न्हाईत."

"बघितले, चाचा. नट घट्ट आहेत."

"नटाचं कोण बोलून राहिलंय?"

मी त्याला बसायला सांगितलं, पण तो उभाच राहिला. म्हणाला, "ठाण्याची पायरी चढायची म्हणजे आमच्यासारख्याला धास्ती वाटती. म्हणून फोन केला अन् गप बसलो. आज त्या पोरीनं हात धरला माझा. ओळखती मला. विचारून राहिली, चाचा, पप्पानं आईला खरंच ढकललं का? आता हे ऐकून घरी कसा जाऊ?"

मग त्याने सांगितलं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी हे दोघं नवराबायको गाडीचे टायर बदलायला त्याच्याकडे आले होते. मुलगी बरोबर होती. दोनच नवे घ्यायचे होते. चाचाने सांगितलं, नवे मागे टाका, जुने पुढे घ्या. पण टायर पुढे बसले.

"बाईच म्हणल्या, नवे पुढं टाका," चाचा म्हणाला. "सकाळी गाडीची पूजा हाय, नवे पुढं दिसू द्या म्हणल्या. हळदीकुंकू जुन्याला कसं लावू? म्या लई समजावलं. पण गिऱ्हाइकाचा सणाचा दिवस. म्या बी हसून सोडून दिलं."

मी म्हणालो, "चाचा, नवे टायर पुढेच टाकतात. मी माझ्या ड्रायव्हरांना आयुष्यभर तेच सांगत आलो."

"सगळेच तेच सांगतात. चला माझ्यासंगं. मोंढ्यावर चला."

मी का गेलो, ते आजही नीट सांगता येत नाही. कागदावर प्रकरण पक्कं झालं होतं. पण म्हातारा इतका ठाम उभा होता, की नाही म्हणवलं नाही. मोंढा म्हणजे आमच्याकडचं धान्याचं बाजार आवार. त्या दिवशी सुटी होती आणि मोठं मैदान मोकळं होतं. नुकताच पाऊस पडून गेला होता, आणि मालाच्या गाड्यांनी आणलेल्या काळ्या मातीचा सगळीकडे पातळ थर झाला होता. मी जीपने पोचलो आणि चाचा दुकानावरून स्वतःची छोटी कार घेऊन आला. पुढे नवे आणि मागच्या चाकांना दुकानातले गुळगुळीत टायर त्याने मुद्दाम चढवले होते. मी त्याच्या शेजारी बसलो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी आयुष्यभर जीप चालवली. जीपला मागच्या चाकांचा जोर असतो. ओल्यात ती घसरायला लागली की ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, गाडी आपोआप सरळ होते. हे माझ्या अंगात मुरलेलं होतं. म्हणूनच पाय काढल्याने गाडी घसरेल, हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. छोट्या कारचा जोर पुढच्या चाकांवर असतो, आणि तिचं वागणं वेगळं असतं, हा विचार मी कधी केलाच नव्हता.

चाचाने वेग फार घेतला नाही. मैदानाच्या टोकाला उजवीकडे वळण घेतलं. पुढची चाकं छान चिखल पकडून वळली. मला वाटलं, बघा, नवे टायर पुढे हवेत ते यासाठीच. तेवढ्यात चाचा म्हणाला, "आता बघा, म्या पाय काढतो."

त्याने ब्रेकला स्पर्शही केला नाही. फक्त उजवा पाय उचलला. गाडीचं सगळं वजन पुढे झुकलं, मागची बाजू हलकी झाली आणि मागच्या चाकांची जमीन सुटली. गाडी अलगद फिरली. आवाज नाही, धक्का नाही. समोर धान्याचे ओटे होते ते बाजूला गेले आणि ज्या फाटकातून आम्ही आत आलो होतो ते फाटक माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी दाराची मूठ घट्ट धरली आणि ओरडलो, "अहो चाचा, मागचं पुढं आलं!"

गाडी थांबली.  इंजिन बंद पडलं होतं. मी काय बोललो ते मला माझ्याच कानांनी ऐकू आलं होतं.

"हाव," चाचा हळू आवाजात म्हणाला. "आठ दिवस झालं, दवाखान्यात त्यानं हेच सांगितलं म्हणून गाव बोलून राहिलंय."

मी जीपमधून ठाण्यात आलो आणि पंचनामा काढून वाचला. कारचं तोंड आलेल्या दिशेला. ब्रेकच्या खुणा नाहीत. सगळं माझ्याच अक्षरात, माझ्याच सहीने लिहिलेलं होतं. डॉक्टरांच्या दाखल्यात तळहातांवर काचेच्या खोल जखमा होत्या, त्या मी 'काच फोडून बाहेर पडला' अशा लावल्या होत्या. पण तो ज्या बाजूने बाहेर आला ती काच उघडी होती. फुटलेली काच तिच्या बाजूची होती. ती त्याने बाहेरून, पाण्यात उभं राहून, हातांनी फोडली होती. नाही निघाली तेव्हा तो ट्रॅक्टरकडे माणसं बोलवायला धावला. आम्ही त्याला पळाला म्हणालो.

मोटार वाहन निरीक्षकाला बोलावून मी लेखी अहवाल घेतला. त्यानेही तेच सांगितलं. कोर्टात अहवाल देऊन खुनाचं कलम काढलं, निष्काळजीपणाचं लावलं, त्याला जामीन झाला. पण दहावा होऊन गेला होता. पिंडाला हात लावायचा त्याचा हक्क माझ्या दोन सुंदर वाक्यांनी घालवला होता, आणि तो परत देणं माझ्या हातात नव्हतं.

जामिनावर सोडण्याआधी त्याचा नवा जबाब घ्यायचा होता. मी हवालदाराला बाहेर पाठवलं आणि स्वतः लिहायला बसलो. त्याला खुर्ची दिली. त्याच्याशी 'तुम्ही' असं बोललो. मी म्हणालो, "माझी चूक झाली. तुम्ही जे म्हणालात ते मी नीट लिहिलं नाही."

 त्याच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या.

"त्या दिवशी सकाळी भांडण कशावरून झालं?" मी विचारलं. आठ दिवसांत हा प्रश्न मी पन्नास वेळा विचारला होता. या वेळी उत्तराची वाट बघितली.

"पाऊस हाय, तू कशाला येतीस, म्हणलो," तो म्हणाला. "ती म्हणली, रोज अंगणवाडी अन् घर, जरा फिरून तर येऊ द्या. म्या आवाज चढवला. मग म्हणलो, चल."

तो खाली बघून रडत होता. मी पाणी दिलं. माझेही डोळे भरले होते, हे लपवण्यात आता अर्थ नाही.

मग टायरचं आलं. "नवे टायर पुढे टाका, असं कोण म्हणालं?"

तो हातांवरच्या पट्ट्यांकडे बघत राहिला. नंतर म्हणाला, "म्या."

"चाचा वेगळं सांगतात."

"चाचाला म्हातारपणानं याद राहीना. म्याच म्हणलो."

"अहो, समजून बोला. दुकानदाराने बजावूनही तुम्ही ऐकलं नाही, असं होतं यातून. निष्काळजीपणाची केस तुमच्यावर जड जाईल."

"जाऊ द्या. कागद ऱ्हातो साहेब. पोरगी मोठी होईल, कवातरी वाचील. तिच्या आईचं नाव त्यात नगं."

मी पेन खाली ठेवलं. आयुष्यात मी शेकडो जबाब लिहिले. माणसं स्वतःला वाचवायला खोटं बोलतात, हे मला पाठ होतं. हा माणूस स्वतःवर ओढून घ्यायला खोटं बोलत होता. त्याचं खरं बोलणं मी एकदा बदललं होतं आणि त्याला खुनी केलं होतं. आता त्याचं खोटं दुरुस्त करण्याचा अधिकार मला कुठून येणार? मी पेन उचललं आणि त्याच्या तोंडून जसं आलं तसंच लिहिलं. 'म्या पाय काढला अन् मागचं पुढं आलं. नवे टायर पुढं टाका म्याच म्हणलो.' एक काना, एक मात्रा बदलली नाही. वाचून दाखवलं. या वेळी त्याने ऐकून, समजून सही केली.

चाचालाही मी बोलावून त्याचा जबाब घेतला. टायर कुणी पुढे टाकायला लावले, हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. कायद्याने बघितलं तर ही माझी कसूर आहे. ती मी मान्य करतो.

पुढे त्या माणसाने कोर्टात गुन्हा कबूल केला. कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा झाली. दिवसभर तो बाकावर बसून राहिला आणि संध्याकाळी मुलीला घेऊन घरी गेला. तिच्या मामाला मी धर्माबादला जाऊन सगळं समजावलं. तो ऐकून घेत होता, पण माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हता. बऱ्याच वर्षांनी दोन्ही घरांचं येणंजाणं सुरू झाल्याचं कानावर आलं. माझी नांदेडला बदली झाली आणि तिथूनच मी निवृत्त झालो.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर पोलीस प्रशिक्षणाच्या व्याख्यानात शोभेल असं काही माझ्याकडे नाही. दोन साध्या गोष्टी आहेत. नंतरच्या नोकरीत मी एकाही माणसाचा जबाब माझ्या भाषेत लिहिला नाही. 'लई' म्हणाला तर 'लई' लिहिलं, 'न्हाई' म्हणाला तर 'न्हाई' लिहिलं. वरिष्ठांनी शेरे मारले, वकील हसले, मास्तरांचा हात बिघडला असं माझेच हवालदार म्हणाले. आणि दुसरी गोष्ट, पावसाळ्यात भेटेल त्या गाडीवाल्याला मी मागचे टायर दाखवायला लावतो. दोनच नवे असतील तर मागे टाका, शेतातून ट्रॅक्टर निघाल्याची काळी माती दिसली तर वळणाच्या आधीच वेग कमी करा आणि वळणात पाय झटकन काढू नका, हे मी इतक्यांदा सांगितलं आहे, की घरचे मला गाडीत शेजारी बसवायला नाखूष असतात.

हे प्रकरण मी कधी लिहिलं नव्हतं, कारण त्या बापाला दिलेला शब्द होता. तोंडाने दिला नव्हता, तरी होता. गेल्या वर्षी तो आजारपणात गेला. त्यानंतर महिन्याभराने, दसऱ्याच्या सुमाराला, एक तरुण मुलगी पत्ता शोधत माझ्या नांदेडच्या घरी आली. ओळख सांगितल्यावर मी उभाच राहिलो. ती आता वकिलीचं शिकते. वडिलांच्या पेटीत तिला खटल्याच्या कागदांच्या नकला सापडल्या होत्या.

"काका, एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "यातले सगळे जबाब छापल्यासारखे आहेत. पप्पांचा हा शेवटचा एकच असा, बोलल्यासारखा का आहे? वाचताना पप्पांचा आवाज ऐकू येतो."

मी तिला सांगितलं. पहिला जबाब, माझी दोन वाक्यं, मोंढा, सगळं. टायरची गोष्ट आली तिथे मी थांबलो.

तीच म्हणाली, "मला माहीत आहे. आई म्हणाली होती. मी चाचांच्या दुकानात टायरांच्या ढिगावर बसले होते."

मी विचारलं, "वडिलांना कधी बोलली नाहीस?"

"कसं बोलणार? त्यांनी एवढं जपलं होतं. मला माहीत आहे हे त्यांना कळलं असतं, तर त्यांचं सगळंच वाया गेलं असतं. जायच्या आदल्या दिवशीसुद्धा म्हणाले, टायर म्याच पुढं टाकले गं. मी हाव म्हणाले."

 नातीने चहा आणून ठेवला होता, तो तसाच निवला. जाताना मी तिला विचारलं, की हे लिहिलं तर चालेल का. तिने विचार केला. बाहेर भुरभुर पाऊस सुरू झाला होता. मी छत्री घेऊन तिला फाटकापर्यंत सोडायला गेलो. फाटकाशी तिची छोटी कार उभी होती, पुढच्या बाजूला झेंडूची सुकलेली माळ होती. सवयीप्रमाणे मी मागे जाऊन वाकलो. मागचे दोन्ही टायर नवे होते आणि त्यांवर हळदीकुंकवाची बोटं उठलेली होती.

ती दार उघडून बसली, काच खाली घेतली आणि म्हणाली, "लिहा काका. पण आम्ही बोललो तसंच लिहा."